पाहण्यासारखे काही नाही

बागेला एक तारा द्यावा की तोही देऊ नये, या विचारात सोमलिंगराव बिराजदार गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत रेलले होते. शून्य द्यायची सोय त्या नकाशावाल्या कंपनीनं ठेवलेली नव्हती, हा त्यांचा कंपनीवरचा जुना राग. अखेर नाइलाजानं त्यांनी एक तारा दिला आणि मोबाईलवर एका बोटानं लिहिलं : 'सदर बागेत झाडे आहेत, बाके आहेत व बाकांवर माणसे बसलेली आहेत. पाहण्यासारखे काही नाही. सबब जाऊ नये.'

ही बाग जुळे सोलापूर भागात, त्यांच्याच गल्लीच्या टोकाला होती. सोमलिंगराव तिथं कधी गेले नव्हते. गॅलरीतून झाडांचे शेंडे दिसत, तेवढ्यावर बाकीचा अंदाज त्यांना आपोआप येई.

नोकरीत असताना ते एका कचेरीत अव्वल कारकून होते आणि लोकांच्या अर्जांवर 'विनंती मान्य करता येत नाही' असं लिहिण्यात त्यांची उमर गेली होती. निवृत्तीनंतर अर्ज यायचे बंद झाले आणि हात शिवशिवू लागले. पुण्याच्या मुलानं मोबाईल घेऊन दिला, त्यातल्या नकाशानं एकदा विचारलं, आपल्या भागातलं अमुक ठिकाण कसं वाटलं? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं मत मागत होतं. सोमलिंगराव जे सुटले ते सुटलेच.

'एक जाणकार सोलापूरकर' या नावानं त्यांनी अख्खा जिल्हा निकालात काढला. भुईकोट किल्ल्याबद्दल लिहिलं, बाहेरून पाहावा, आत गेल्यावरही बाहेरून पाहिल्यासारखेच वाटते. नान्नजच्या माळढोकाबद्दल, पक्षी दिसत नाही, पक्ष्याची पाटी दिसते. सिद्धेश्वराच्या देवळाला मात्र पाच तारे, कारण तिथं हात आखडता घेण्याची छाती त्यांना नव्हती. त्याची भरपाई त्यांनी तलावाला एक तारा देऊन केली. गंमत अशी की लोक हे वाचत होते. 'आपले परीक्षण हजारो प्रवाशांना उपयोगी पडले' असं कंपनी अधूनमधून कळवी, आणि त्या दिवशी सोमलिंगराव जेवताना एक भाकरी जास्त खात.

सोलापूर बघायला येणाऱ्यांची तर त्यांना कीवच येई. सोलापूर हे काय बघायचं गाव आहे? अक्कलकोटला जाणारा इथं झोपतो, तुळजापूरला जाणारा इथं आंघोळ करतो आणि दोघंही जाताना चादर नि शेंगाचटणी घेऊन घरी सांगतात की सोलापूर पाहिलं. असल्या बावळटांना परस्पर वाटेला लावणं हे सोमलिंगराव समाजकार्य समजत.

हे समाजकार्य त्यांनी घरातही मन लावून केलं होतं. लग्न झाल्यापासून शिवलीलाबाई विचारत आल्या होत्या.

"अहो, पाऊस लई झालाय म्हणं. नळदुर्गच्या किल्ल्यातला धबधबा सुरू झालाय. जाऊन येऊ की."

"काय आहे त्यात बघायला? वरचं पाणी खाली पडतं. ते आपल्या मोरीतपण पडतं."

"गड्ड्याच्या जत्रेला शोभेचं दारूकाम हाय आज. सगळी बिल्डिंग निघालीय."

"काय आहे त्यात बघायला? धूर."

"होगली बिड्री," असं म्हणून त्या आत जात. जाऊ द्या, सोडा. बाई अक्कलकोटकडच्या, एरवी मराठीत बोलत. हरल्या की कानडीत हरत. सोमलिंगरावांना त्या दोन शब्दांची इतकी सवय झाली होती की ते ऐकले की विषय संपला असं समजून ते पेपरचं पान उलटत.

आणि या बाईनं साठी ओलांडल्यावर स्वतःच्या जिवावर अख्खं सोलापूर दाखवायला काढलं होतं!

सुरुवात झाली खालच्या मजल्यावरच्या रेश्मामुळं. ही कॉलेजात शिकवणारी मुलगी. तिच्याकडं नागपूरचे पाहुणे आले, अर्धा दिवस मोकळे, बघण्यासारखं काय आहे असं विचारू लागले. शिवलीलाबाई त्यांना रिक्षात घालून घेऊन गेल्या ते अडुसष्ट लिंगांपैकी काही दाखवायला. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापलेली ही लिंगं. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज त्यांच्या भेटीला जातात, तेल वाहिलं जातं, आणि एरवी वर्षभर कुणी ढुंकून बघत नाही. एक कुणाच्या अंगणात स्कूटरमागं, एक वखारीच्या भिंतीला टेकून, एक जोंधळ्याच्या बांधावर. शिवलीलाबाई दर श्रावणात बायकांबरोबर जाऊन ती पाठ करून बसल्या होत्या. पाहुण्यांच्या हातात त्या तेलाची वाटी देत, लिंगाला स्वतः तेल लावायला सांगत आणि मग तिथली गोष्ट सांगत. नागपूरकर येडे झाले. रेश्मानं नकाशावर पान उघडलं, 'शिवलीलाकाकूंचं सोलापूर', आणि दर रविवारी सकाळी चन्नप्पाचा टेम्पो ट्रॅव्हलर बिल्डिंगच्या फाटकाशी येऊन उभा राहू लागला. लिंगं, तलाव, भिंतीवरचे गालिचे विणणाऱ्या एका कुटुंबाचं घर आणि शेवटी कडक भाकरी नि शेंगाचटणी. पाच ताऱ्यांचा नुसता पाऊस पडत होता.

दर रविवारी निघण्याआधी बाई एक वेडेपणा करत. सोमलिंगरावांच्या कपाटातून निळ्या काठाचा एक पांढरा रुमाल काढत आणि टेम्पोच्या पुढच्या खिडकीतून पहिल्या सीटवर टाकत. एसटीत जागा धरतात तसा.

"चला की आज तरी," त्या फाटकातून वर बघून म्हणत. "जागा धरलीय."

सोमलिंगराव गॅलरीतून हात हलवून विनंती अमान्य करत. टेम्पो जाई, रुमाल एकटाच सोलापूर बघून येई.

या रुमालामागं एक जुनी भानगड होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी अक्कलकोटच्या गाडीला ही झुंबड उडाली होती, तेव्हा सोमलिंगरावांनी खिडकीतून आपला रुमाल आत टाकून नव्या बायकोसाठी जागा धरली आणि स्वतः शेवटपर्यंत लोंबकळत उभे राहिले. बायकोसाठी त्यांनी केलेली ही बहुधा एकुलती एक उठाठेव. ते ती कधीच विसरले होते. बाई नव्हत्या विसरल्या.

घोटाळा झाला तो एका उन्हाच्या रविवारी. पाहुण्यांना वाटेत द्यायला बाई घरूनच ताक करून नेत. त्या दिवशी सकाळपासून फोनवर फोन. एका हातानं फोन, दुसऱ्या हातानं रवी. आधी नवऱ्याचा पेला भरून गॅलरीत ठेवला, मग कॅन उचलून त्या खाली गेल्या. सोमलिंगरावांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. ताक खारट ढोण! तरी पेला त्यांनी संपवला, कारण टाकून देण्यासाठी उठावं लागलं असतं.

पेपर आला नव्हता म्हणून ते खाली उतरले तर फाटकाशी पुण्याच्या एक बाई टेम्पोत चढत होत्या. डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा.

"तुम्ही काकूंचे मिस्टर ना? किती भाग्यवान हो तुम्ही! हे सगळं तुम्हाला केव्हाही बघायला मिळतं. तुमचं आवडतं लिंग कुठलं?"

सोमलिंगरावांनी त्यांतलं एकही पाहिलं नव्हतं. "सगळीच," असं काहीतरी पुटपुटून ते पेपर न घेताच वर आले. पुण्याची एक फडतूस बाई येते काय, त्यांना त्यांच्याच दारात उभं करून प्रश्न विचारते काय! आणि यांची बायको तिथं चार लोकांत हसते काय! खुर्चीत बसून त्यांनी मोबाईल उघडला. पाच तारे, पाच तारे, पाच तारे. 'काकू म्हणजे चालतंबोलतं सोलापूर.' 'सोलापुरात एकच गोष्ट बघायची असेल तर काकूंबरोबर फिरा.' त्यांच्या घरातली, त्यांच्या मोरीत भांडी घासणारी बाई आता बघण्याची गोष्ट झाली होती.

त्यांनी एक तारा दिला.

'मी स्वतः या सहलीस गेलो होतो,' त्यांनी लिहिलं. 'दगड एकसारखेच आहेत. सांगणाऱ्या बाईंचे शिक्षण बेताचे असून माहिती ऐकीव आहे. वाटेत दिलेले ताक मिठागरातून आणल्याप्रमाणे खारट होते. पाहण्यासारखे काही नाही. सबब जाऊ नये.' बोट दाबलं आणि त्यांना एकदम बरं वाटलं, कचेरीत शिक्का मारल्यावर वाटायचं तसं.

जाणकार सोलापूरकराचा शब्द नकाशावर सर्वांत वर दिसे, कारण त्याचे वाचक जास्त. त्या आठवड्यात नाशिकच्या मंडळींनी येत नाही म्हणून कळवलं. मग हैदराबादच्या कुटुंबानंही. चन्नप्पा येऊन चुळबुळत उभा राहिला. "काकू, रविवारी माणसं भरत नसतील तर मी लग्नाची भाडी घेतो. माझाबी इलाज न्हाय."

गुरुवारी संध्याकाळी रेश्मा तणतणत वर आली. सोमलिंगराव हॉलमध्ये पेपर उघडून बसले होते.

"काकू, हा बघा कोण मेला जाणकार सोलापूरकर! सगळ्या गावाला नावं ठेवतो, आता तुमच्यावर घसरलाय. ह्याच्यामुळंच लोक नको म्हणायलेत."

"वाच बघू," शिवलीलाबाई लसूण सोलत म्हणाल्या.

रेश्मानं मोठ्यानं वाचलं. स्वतःची वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला सोमलिंगरावांना एरवी आवडलं असतं. शिक्षण बेताचे या शब्दांवर बाईंचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले. ताकापाशी आल्यावर मात्र ते थांबले ते थांबलेच.

"ताक खारट हुतं म्हणतोय?"

"मिठागरातून आणल्यासारखं."

"कधीचं लिहिलंय हे?"

"गेल्या रविवारचं की."

"त्या दिवशीचं ताक कुणाच्या तोंडाला लागलंच न्हाई गं," बाई सावकाश म्हणाल्या. "फोनच्या नादात मी मीठ दोनदा घातलं. खाली नळापाशी चाखून बघितलं आन् तितंच सगळं ओतून दिलं. चन्नप्पाच्या बायकोनं वाटेत दुसरं करून दिलं."

"म्हणजे हा आलाच नव्हता!" रेश्मा आनंदानं ओरडली. "सापडला की चोर! पण मग पहिलं ताक खारट होतं हे ह्याला कळलं कसं?"

शिवलीलाबाईंनी मान वळवून गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीकडं पाहिलं. खुर्चीशेजारच्या स्टुलावर पेल्याचा गोल डाग होता. रेश्मानंही तिकडं पाहिलं, मग पेपरकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. पेपरचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

"कंपनीला कळवू का काकू?" तिनं हळूच विचारलं. "खोटं आहे म्हणून काढून टाकतील."

"नको. त्याच्या खाली आपल्याला उत्तर लिहिता येतं न्हवं? लिही." बाईंनी पदराला हात पुसले. "'नमस्कार. आपण सहलीला आला नव्हता. एकदा जरूर यावे. आपल्यासाठी पुढची जागा धरून ठेवली आहे.' एवढंच लिही."

रेश्मा लिहून खाली निघून गेली. त्यानंतर बाई भांडल्या असत्या, रडल्या असत्या, ताट आपटलं असतं, तर सोमलिंगरावांना वाट सापडली असती. आरडाओरड कशी परतवायची हे त्यांना ठाऊक होतं. पण बाईंनी रोजच्यासारखं वाढलं, रोजच्यासारखं विचारलं, अजून आमटी हवी का. शनिवारी संध्याकाळी पलंगावर त्यांचा बाहेर जायचा शर्ट आणि पँट इस्त्री करून ठेवलेली होती.

रविवारी सकाळी सोमलिंगरावांनी ते कपडे घातले. बुटांना पॉलिश केलं. आरशात बघून केसांवरून फणी फिरवली. माणूस लग्नाला निघावा तसे ते जिना उतरले आणि उतरताना त्यांना खरोखर वाटत होतं की आपण जाणार. माफी मागायची कला त्यांना अवगत नव्हती, पण टेम्पोत जाऊन बसणं जमण्यासारखं होतं. बसलं की झालं. बाई समजल्या असत्या.

टेम्पो निम्म्याहून जास्त रिकामा होता. लातूरचं एक जोडपं, त्यांच्या ओळखीची तिघंचौघं. पुढच्या सीटवर रुमाल.

"या की सायेब!" चन्नप्पानं दार उघडलं. "आज सूर्य कुटं उगवला म्हणायचा? बसा, तुमचीच जागा हाय."

शिवलीलाबाई तेलाचा कॅन घेऊन मागं उभ्या होत्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू अक्कलकोटच्या गाडीत त्यांना आत्ता जागा मिळाली. सोमलिंगरावांनी पायरीवर एक पाय ठेवला.

"अय्या, काकापण येणार?" लातूरच्या बाई कौतुकानं म्हणाल्या. "काका, मग आज तुम्ही सांगा हं. तुमचा सगळ्यात जास्त अभ्यास असणार. पहिल्यांदा काय बघायचं?"

सगळे त्यांच्याकडं बघू लागले. सोमलिंगरावांचा पाय पायरीवर, दुसरा जमिनीवर. पहिल्यांदा काय बघायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत नाही, मीही तुमच्यासारखाच पहिल्यांदा चाललोय, एवढं वाक्य पुरे होतं. लहान पोरालाही जमलं असतं. पण ते वाक्य त्यांच्या तोंडात कधी तयारच झालं नव्हतं. तयार होतं ते दुसरंच, आणि तेच आलं.

"काय आहे त्यात बघायला?" ते म्हणाले. "दगडाला तेल लावायचं नि पुढं जायचं. तुम्ही जा."

म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. ज्या देवाला भिऊन पाच तारे दिले होते, त्यालाही त्यांनी आज सोडलं नव्हतं. लातूरच्या बाईंनी डोळे खाली वळवले. त्यांचा नवरा उगाच घड्याळ बघू लागला. चन्नप्पा दाराची कडी चाचपत राहिला.

शिवलीलाबाई पुढं आल्या. सोमलिंगरावांचा पाय पायरीवरून आपोआप खाली आला. बाईंनी आत वाकून सीटवरचा रुमाल उचलला, नीट चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला.

"दादा, तुमी मागं दाटीत कशाला बसलाय?" त्या लातूरच्या गृहस्थांना म्हणाल्या. "हितं पुढं या. हितनं चांगलं दिसतं."

"कुणी येणार होतं ना इथं?"

"न्हाई. रिकामीच हाय."

मग नवऱ्याजवळून जाताना, इतरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, त्या म्हणाल्या, "होगली बिड्री."

टेम्पो गेला. सोमलिंगराव इस्त्रीच्या कपड्यांत फाटकाशी उभे राहिले. दूधवाल्यानं विचारलं, कुटं गावाला निघालाय का काका? ते तसेच वर आले आणि बुटांसकट खुर्चीत बसले.

बऱ्याच वेळानं त्यांनी मोबाईल काढला आणि आपलं परीक्षण खोडून टाकलं. नोकरीत असा लिहिलेला शेरा त्यांनी कधी मागं घेतला नव्हता, त्यामुळं काहीतरी मोठं केल्यासारखं त्यांना वाटलं. पान पुन्हा उघडून पाहिलं. तारा गेला होता, ताक गेलं होतं. आणि परीक्षणच उरलं नाही म्हणून त्याखालचं बाईंचं उत्तरही गेलं होतं. पुढची जागा धरून ठेवली आहे, हे आता नकाशावर कुठंच नव्हतं. ते पान वरखाली करत शोधत राहिले.

शोधता शोधता लोकांनी टाकलेले फोटो आले. ते त्यांनी कधी उघडले नव्हते. बांधावरच्या लिंगाशी उकिडव्या बसलेल्या शिवलीलाबाई, हात तेलानं माखलेले. तलावाच्या पायरीवर पाय सोडून बसलेल्या शिवलीलाबाई. टेम्पोला टेकून पोट धरून हसणाऱ्या शिवलीलाबाई; अशा हसताना त्यांना त्यांनी पाहिलं होतं का, हे सोमलिंगरावांना आठवेना. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मागं टेम्पोची पुढची खिडकी आली, आणि खिडकीत सीटच्या पाठीवर निळ्या काठाचा रुमाल. प्रत्येक रविवारच्या फोटोत तो होता. दुपारी नवे फोटो आले, त्यात त्या खिडकीत लातूरच्या माणसाचं कोपर होतं.

बाई परतल्या तेव्हा उन्हं उतरली होती. कपाळावर घाम, चपलांना शेतातली माती. नेहमीप्रमाणं त्यांनी आधी कॅन मोरीत ठेवला.

सोमलिंगराव खुर्चीतून उठले. घसा खाकरला. "आज काय काय बघितलंत?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, त्यामुळं आवाज जरा वर गेला.

शिवलीलाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. दिवसभर चालून दमलेल्या माणसाची नजर होती.

"काय हाय त्यात सांगायला?" त्या म्हणाल्या.

त्यांनी कमरेचा रुमाल काढला, बघितला आणि कपाटातल्या बाकीच्या रुमालांवर नेऊन ठेवला. कुणी वापरलाच नव्हता, त्यामुळं धुवायला टाकायचं कारण नव्हतं.